फॉरमॅट मारण्याआधी

घरच्या कॉम्प्युटरवरचा एखादा फोल्डर अचानक उघडेनासा होतो आणि 'ॲक्सेस डिनाइड' अशी पाटी येते. दुकानात नेलं की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, फॉरमॅट मारू. हा सल्ला चुकीचा आहे, आणि आपण तो मुकाट्याने मान्य करू नये, असं माझं मत आहे.

प्रश्न गाण्या-सिनेमांचा असता तर लिहिलं नसतं. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, वस्त्यांत पाणी शिरलं आणि कपाटातले कागद भिजले. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. मधल्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुस्लिम घरांत तेव्हा आजोबांचे शाळेचे दाखले, प्रॉपर्टी कार्ड, निकाहनामे शोधून स्कॅन करून ठेवले गेले. पुढच्या पुरात मूळ कागद गेला असेल, तर तो फोल्डर हीच त्या घराची उरलेली नोंद.

आता कुलूप लागतं कसं ते बघू. विंडोज प्रत्येक फाईलची मालकी आणि परवानग्या लिहून ठेवतं, पण मालक नावाने ओळखत नाही, एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. विंडोज नव्याने टाकलं आणि खात्याला तेच नाव दिलं, तरी क्रमांक नवा मिळतो. मग जुन्या फायली आपल्यालाच परकं मानतात. सरकारी कागदावर आडनावाचं एक अक्षर चुकलं की माणूस दुसरा ठरतो, हे आपण भोगलेलं आहे. इथे नाव तंतोतंत तेच असूनही माणूस दुसरा ठरतो! दुसरं कारण साधं आहे. मुलांनी फायली उडवू नयेत म्हणून कुणीतरी सिक्युरिटीत जाऊन सगळ्यांसमोर 'डिनाय'ची खूण करतं. त्या 'सगळ्यां'त तो स्वतःही असतो.

दोन्ही प्रकारांत फाईल डिस्कवर शाबूत असते. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड. वर ओनरचं नाव दिसतं, ते बदलून आपलं घाला, आतल्या फायलींनाही लागू करा, डिनाय काढा आणि स्वतःला परवानगी द्या. मालकाला फाईल वाचायची मनाई असली, तरी ती मनाई उठवायचा हक्क त्याच्याकडे राहतो. मात्र हे त्या एका फोल्डरपुरतंच करा. वैतागून अख्ख्या सी ड्राइव्हवर सगळ्यांना सगळी मोकळीक दिली, तर विंडोजच बिघडू शकतं आणि घरात शिरणाऱ्या व्हायरसलाही दार उघडं मिळतं.

एक कुलूप मात्र खरोखरच वेगळं आहे, ते एन्क्रिप्शनचं. तिथे मालकी बदलून भागत नाही. बिटलॉकरला 48 अंकी रिकव्हरी की लागते. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि ती की त्या खात्यात जमा होते. कितीतरी घरांत हे खातं दुकानदाराने काढून दिलेलं असतं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. आजच ते खातं उघडून बघा आणि की कागदावर उतरवून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.

दुरुस्तीवाल्या भावांना एवढंच सांगणं आहे. दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत, हे मदरशात गेलेल्या पोरालाही शिकवलेलं असतं. टेबलावर आलेला कॉम्प्युटर ही अमानतच. फॉरमॅटला कमी वेळ लागतो, गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात, हे मला कळतं. पण आधी डेटाची प्रत काढा, आणि पुसण्यापूर्वी 'आत काय आहे?' एवढं विचारा. आणि आपण गिऱ्हाइकांनीही मशीन देतानाच बजावावं : डेटाची प्रत हातात मिळाल्याशिवाय काही पुसायचं नाही. त्यासाठी दोनशे-तीनशे रुपये जास्त मागितले तर द्यावेत. आजोबांचा दाखला पुन्हा काढायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्याला माहीत आहे, त्याला ती रक्कम जड वाटणार नाही.