सौंसरची संत्री आणि डिझेलचा पिकअप

सौंसर मध्य प्रदेशात, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात. बोली मात्र मराठी आणि संत्र्यांची बाजारपेठ नागपूर. तिथल्या लहान बागायतदाराने डिझेलचा पिकअप घ्यावा का? भरल्या क्रेट ओढायला डिझेलचा जोर हवाच, शिवाय तेलही पेट्रोलपेक्षा कमी लागते. पण २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. गाडी नुसती बाग ते गाव फिरली की तो तुंबतो. लांब फेरीत इंजिन तापले तरच काजळी जळते. त्यात आंबिया आणि मृग हे बहार संपले की गाडी दारात उभी, हप्ता चालूच. आपल्या गोव्यात मासळीचा पिकअप जवळजवळ वर्षभर पळतो, म्हणून परवडतो. सौंसरवाल्याने भाड्यानेच गाडी करावी, असे मला वाटते. मात्र ऐन तोडणीत गाडीवाला सांगेल तो दर, आणि पिकलेला माल थांबत नाही.