‘फ्लॉपी गेली’ म्हणण्याआधी

आपल्या टेबलावर फ्लॉप्या अजूनही येतात. निवृत्त प्राध्यापकांचा प्रबंध, बंद पडलेल्या छापखान्यातला जुळवलेला मजकूर, पतसंस्थेच्या जुन्या खतावण्या, वडिलांमागे कपाट आवरताना सापडलेल्या त्यांच्या अप्रकाशित कथा. आणणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: यातले काही निघेल का? आपण खणातून यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह काढतो, लॅपटॉपला जोडतो, फ्लॉपी सरकवतो. पडद्यावर ‘फॉरमॅट करायचे का?’ अशी चौकट येते आणि आपण मान हलवून सांगतो, ‘गेली हो ही.’ तो माणूस घरी जातो आणि डबा कचऱ्यात टाकतो.

हा निकाल फार घाईचा आहे आणि पुष्कळदा चुकीचाही. यूएसबी ड्राइव्हच्या नकारावरून फ्लॉपी मेली असे जाहीर करण्याची आपल्या व्यवसायाची सवय मोडली पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हे संपादकीय आहे.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो. तो संगणकाला फक्त तयार सेक्टर देतो. त्याला ३.५ इंची फ्लॉपीच्या मोजक्याच रचना ओळखता येतात: १.४४ एमबीची, म्हणजे दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकवर ५१२ बाइटचे १८ सेक्टर. आणि ७२० केबीची, म्हणजे ट्रॅकवर ९ सेक्टर. कमोडोर अमिगाच्या फ्लॉपीवर ट्रॅकला ११ सेक्टर असतात. जुन्या मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉपीसाठी तर ट्रॅकनुसार फिरण्याचा वेग बदलतो. असे काही समोर आले की हा ड्राइव्ह ती फ्लॉपी कोरीच समजतो. आपल्या ओळखीच्या रचनेतला एखादा सेक्टर कमजोर झाला असेल, तर थोडे प्रयत्न करून तो चूक कळवतो. नेमके काय बिघडले ते सांगत नाही. मोडी न येणाऱ्या माणसाने दस्तऐवज परत केला म्हणून कागद कोरा ठरत नाही. ५.२५ इंची फ्लॉपीसाठी तर असा तयार यूएसबी ड्राइव्ह मिळतच नाही.

मग जुना, ३४ पिनांच्या पट्टी केबलचा ड्राइव्हच यूएसबीला का जोडू नये? जोडता येतो, पण मधे काय लागते ते समजून घेतले पाहिजे. हा ड्राइव्ह बाइट देत नाही. चकतीवर चुंबकीय दिशा जिथे पालटते तिथे तो एक स्पंद देतो, आणि दोन स्पंदांमधल्या अंतरातच माहिती दडलेली असते. पीसीच्या डबल डेन्सिटी फ्लॉपीत हे अंतर साधारण ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद असते. हाय डेन्सिटीत त्याच्या निम्मे. पूर्वी मदरबोर्डवरचा फ्लॉपी कंट्रोलर ही अंतरे मोजून त्यांचे बाइट बनवत असे. आजच्या मदरबोर्डवर तो नाही. यूएसबी माहिती गठ्ठ्यांनी पाठवते, त्यामुळे स्पंद जसेच्या तसे तिच्या तारेवर सोडले तर मधली अंतरे हरवतील. म्हणून ड्राइव्हजवळच एका मायक्रोकंट्रोलरने प्रत्येक अंतर स्वतःच्या घड्याळावर मोजायचे आणि ते आकडे यूएसबीवरून पाठवायचे. त्या आकड्यांचे सेक्टर करण्याचे काम संगणकातले सॉफ्टवेअर सावकाश करते.

या पद्धतीला फ्लक्स वाचन म्हणतात. कीर फ्रेझर यांचा ग्रीझवीझल, डेव्हिड गिव्हन यांचे फ्लक्सइंजिन, सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन सोसायटीचा क्रायोफ्लक्स ही त्यासाठीची साधने आहेत. ग्रीझवीझलचे सॉफ्टवेअर सर्वांना खुले आहे आणि बोर्डाचा खर्च छोट्या दुकानाच्याही आवाक्यातला आहे. या वाटेने काय साधते याचे ठळक उदाहरण अँडी वॉरहॉलचे. त्याने १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात फ्लॉप्यांवर पडून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने क्रायोफ्लक्स वापरून ती बाहेर काढली आणि २०१४ मध्ये जगाने ती पाहिली. आपल्या खणातल्या ड्राइव्हने त्या फ्लॉप्यांसमोरही तीच फॉरमॅटची चौकट दाखवली असती.

आता जोडणीचे. ३.५ इंची ड्राइव्हला सहसा ५ व्होल्ट पुरतात, पण मोटर सुरू होताना यूएसबी पोर्टवर ताण येऊन वाचन डळमळते. वेगळा वीजपुरवठा द्यावा हे बरे. ५.२५ इंची ड्राइव्हला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबी पोर्टवरून मिळत नाहीत, म्हणून तिथे वेगळ्या पुरवठ्याला पर्यायच नाही. केबलच्या टोकाला पीळ असेल तर पीसीचा ड्राइव्ह ‘ए’ म्हणून मिळतो, सरळ केबलवर ‘बी’ म्हणून. ‘बोर्ड खराब आहे’ अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असते. १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचता येते, कारण त्याचे हेड अरुंद असते आणि एकाआड एक ट्रॅक गाठता येतो. मात्र त्याच कारणाने त्या ड्राइव्हवर तिच्यावर काहीही लिहू नये. जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा उरतात आणि मूळ ड्राइव्हला मग दोन्ही मजकूर एकदम ऐकू येतात.

वाचण्याआधी फ्लॉपी हातात घेऊन पाहा. शटर सरकवून धरा, मागच्या धातूच्या चकतीवर बोट ठेवून ती हळू फिरवा आणि प्रकाश तिरपा पडू द्या. करडे, गोलसर डाग दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यांमागून पावसाळे काढलेल्या डब्यात ती असायचीच. अशी फ्लॉपी तशीच घातली तर बुरशी हेडवर चढते आणि पुढच्या, चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पाडते. आधी चकती स्वच्छ करा, आणि संशयित फ्लॉपीनंतर दर वेळी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा. राइट-प्रोटेक्ट करायला विसरू नका: ३.५ इंचीत खिडकी उघडी असली की संरक्षण, ५.२५ इंचीत खाच झाकली की संरक्षण. विंडोज ९५ आणि ९८ फ्लॉपी नुसती उघडली तरी तिच्या बूट सेक्टरमध्ये आपली खूण लिहीत असत, म्हणून जुना पीसी वापरणाऱ्यांनी तर ही काळजी घ्यायलाच हवी.

पहिले वाचन फ्लक्सचे, तेही दोन-तीन फेऱ्यांचे. पीसीची ३.५ इंची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक वाचायला काही मिनिटेच लागतात. नंतर सॉफ्टवेअर सेक्टरांचा तक्ता मांडते: चांगल्या सेक्टरला टिंब, बिघडलेल्याला फुली. पूर्वी ‘गेलेली’ ठरलेली फ्लॉपी या तक्त्यात पुष्कळदा टिंबांनी भरलेली दिसते आणि फुल्या पाच-दहाच निघतात. यूएसबी ड्राइव्हला पहिल्या ट्रॅकवरची एकच फुली नडलेली असते, कारण फाइलींची यादी तिथेच असते. मग फक्त फुल्यांचे ट्रॅक पुन्हा वाचा, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचा. हेडच्या जुळणीत किंचित फरक असलेला ड्राइव्ह कधी कधी अडलेला सेक्टर बिनबोभाट देतो. सारे प्रयोग प्रतीवर करा. फ्लॉपीला जितके कमी फिरवाल तितके चांगले.

मराठी मजकुराच्या बाबतीत इथे आणखी एक टप्पा असतो, आणि तिथेही घाईचे निकाल दिले जातात. नव्वदच्या दशकातला मजकूर बहुधा श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींत टंकलेला असतो. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आले, पण छपाईची कामे मुख्यतः फॉन्टच्या आपापल्या संकेतांवर चालली. अशी फाइल आज उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. तो पाहून ‘फाइल करप्ट आहे’ असे सांगू नका. त्या काल्यात पानन् पान मजकूर शाबूत असू शकतो. ग्राहकाला विचारा: टंकन कशात केले होते, फॉन्ट कोणता, छापील प्रत आहे का? डब्यात फॉन्टची फ्लॉपी सापडली तर तिची प्रत सर्वांत आधी घ्या. युनिकोडमध्ये रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी माणसाने डोळ्यांखालून घालावी, कारण या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रूपांतरात ती नेमकी घसरते.

वाचकांकडे तीन मागण्या आहेत. भंगारात निघालेल्या पीसीतला चालू फ्लॉपी ड्राइव्ह काढून ठेवा, विशेषतः ५.२५ इंची, कारण बोर्ड नवे बनतील, पण हे ड्राइव्ह आता कुणी बनवत नाही. ग्राहकाला फाइलींबरोबर फ्लक्सची प्रतही द्या, कारण आज न उलगडलेला ट्रॅक उद्याचे सॉफ्टवेअर उलगडू शकेल. आणि काही निघालेच नाही, तर पावतीवर ‘फ्लॉपी खराब’ असे लिहू नका. कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या साधनाने वाचली आणि किती सेक्टर मिळाले ते लिहा, फ्लॉपी परत करा आणि ती जपून ठेवायला सांगा. या कामाचा मोबदला अवश्य घ्या, त्यात वेळ आणि कसब दोन्ही जातात. ज्यांच्याकडे फ्लक्स वाचनाची सोय नाही त्यांनी ती असलेल्या सहव्यावसायिकाकडे ग्राहकाला पाठवावे. प्रत्येक जिल्ह्यात असे एक जरी टेबल उभे राहिले, तरी महाराष्ट्राच्या घराघरांत पडून असलेला एका पिढीचा मजकूर वाचवणे आपल्या हातात आहे.