वाघाचे अभय आणि मजुराचा जीव

आलापल्लीजवळची जुनी वनराई २०१४ साली राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरली. वृक्षांना असा मान मिळाला. त्याच वनप्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपाने तोडणाऱ्या कष्टकऱ्यांची दखल मात्र मृत्यूनंतरच घेतली जाते. १० मे २०२५ रोजी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील मेंढा-माल येथे पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या.

‘जंगलात गेल्याच कशाला?’ असे विचारणाऱ्या शहाण्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, या हंगामाच्या मजुरीवरच कित्येक घरांची पावसाळ्याची बेगमी होते. वाघ त्यांचा वैरी नाही; वाघोबाला पुजणारा हा समाज आहे. १९७२ च्या कायद्याने वाघाला अभय दिले ते योग्यच झाले. परंतु त्या अभयाची किंमत भूमिहीनाने प्राण देऊन का मोजावी?

वारसांना २५ लाख रुपये दिले म्हणजे सरकारचे कर्तव्य संपत नाही. वाघाचा वावर असेल तेथे तोडणी थांबवावी आणि बुडालेली मजुरी सरकारने भरून द्यावी. हा निर्णय २००६ च्या वनहक्क कायद्याने अधिकार दिलेल्या ग्रामसभेनेच घ्यावा. वाघ साऱ्या देशाचा असेल, तर त्याचा भारही साऱ्या देशाने उचलला पाहिजे!