द्रव्य, पर्याय आणि शेअर

वर्षअखेरीस दुकानातील मालाची मोजदाद होते, तेव्हा आपण एक कठोर काम करीत असतो. ज्या कापडाची चाल गेली, ते खरेदीच्या भावाने न धरता मिळेल त्या भावाने धरतो. परंतु तोच व्यापारी तंत्रज्ञानातील कंपन्यांचे शेअर हाती आले, म्हणजे ही शिस्त विसरतो. भाव निम्म्यावर आला की स्वस्ताई समजून आणखी घेतो. चाल गेलेल्या कापडाचा दुसरा गठ्ठा कोणी शहाणा दुकानदार मागवील काय?

आमचा शेअरांना विरोध नाही. घरोघरची तरुण मंडळी या क्षेत्राकडे वळत आहेत, हे स्वागतार्हच होय. पण तेथे गुंतणारा पैसा पुष्कळदा दुकानाच्या भांडवलातून अथवा वडीलधाऱ्यांच्या म्हातारपणच्या पुंजीतून येतो. म्हणून चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो.

द्रव्य टिकते, त्याचे पर्याय उपजतात आणि लय पावतात, हे तत्त्व आपल्या घरांत नवीन नाही. शेअर घेतानाही तेच विचारावे: या कंपनीत द्रव्य कोणते आणि पर्याय कोणता?

अमेरिकेतील कोडॅक कंपनीची फिल्म हा पर्याय होता. छायाचित्रांची हौस टिकली, फिल्म मागे पडली. नवल हे की, फिल्मवाचून चालणारा डिजिटल कॅमेरा १९७५ साली याच कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी तयार केला होता. शोध घरचाच, पण फिल्मच्या नफ्याची गोडी सुटली नाही. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि २०१३ मध्ये ती त्यातून बाहेर पडली तेव्हा जुने शेअर रद्द झाले. कंपनी उरली; जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नाही.

जपानची फुजीफिल्म त्याच धंद्यातली. तिने फिल्मसाठी कमावलेली रसायनविद्या हे आपले द्रव्य ओळखले आणि संगणकादींच्या पडद्यांना लागणारे पातळ थर, सौंदर्यप्रसाधने, औषधे यांकडे मोर्चा वळविला. ती टिकली.

आता हिशेब पाहू. शेअरमागे वार्षिक नफा १० रुपये आणि भाव ४०० रुपये असेल, तर नफा न वाढता मूळ रक्कम भरून निघण्यास ४० वर्षे लागतील. कंपनीच्या मालाची चाल आठच वर्षे टिकली, तर नफ्यातून ८० रुपयेच येतील. बाकीचे ३२० रुपये आपण कशासाठी दिले? नफा झपाट्याने वाढेल म्हणून, की जुना माल जाताच कंपनी नवा उभा करील म्हणून? याचे उत्तर स्वतःस देता येत नसेल, तर तो भाव देऊ नये.

यास्तव आमची सूचना अशी: गुंतवणुकीचेही परिग्रह-परिमाण ठरवावे, म्हणजे अशा शेअरांत किती रक्कम घालावयाची याची मर्यादा आधीच बांधावी. आणि दरवर्षी दुकानातील मालाबरोबर शेअरांचीही मोजदाद करावी. खरेदीचा भाव झाकून विचारावे, हा शेअर आज नव्याने घेतला असता काय? उत्तर नाही असे आले, तर आपल्या मोठेपणाची आडकाठी न ठेवता तो विकून मोकळे व्हावे.