चित्रेखालचा धुरकट ठिपका



राब भाजून झाले की पावसाआधी चार रात्री मोकळ्या मिळतात. वैशाखी अमावास्येच्या आसपास, रात्री दहा-साडेदहाला, बोईसर-तारापूरच्या दिव्यांपासून दूर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. चित्रा नक्षत्राचा ठळक तारा शोधा. त्याच्या सरळ खाली, हात लांब करून मोजल्यास क्षितिजापासून वीतभर वर, एक धुरकट ठिपका दिसेल. तो एक तारा नव्हे. सुमारे १ कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे. त्याचा उजेड इथवर यायला सुमारे १७,००० वर्षे लागतात.

अशा गुच्छांतले तारे फार म्हातारे, आणि मधोमध त्यांची भारी दाटी. त्या दाटीत विझून गेलेल्या एखाद्या ताऱ्याची दुसऱ्याशी जोडी जमते. विझलेला तारा जोडीदाराचा वायू ओढून घेतो. पडता पडता तो वायू इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तेच. पण हे किरण हवेत अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. १९९९ साली सोडलेल्या अशा दुर्बिणीला आपल्या चंद्रशेखरांचे नाव आहे. आपल्या क्षितिजाखाली राहणाऱ्या दक्षिणेकडच्या एका गुच्छात तिला सुमारे ३०० क्ष-किरण ठिपके सापडले, बहुतेक अगदी मंद.

हे मंद ठिपके मोजायचे कशाला? जिथे दाटी जास्त तिथे ते जास्त आढळतात, म्हणजे जोड्या दाटीतच जमतात हे कळते. शिवाय घट्ट जोडीजवळून जाणारा तारा तिच्याकडून वेग घेऊन निघतो. त्यामुळे गुच्छाचा गाभा आत ढासळत नाही. जोड्याच गुच्छाला सावरून धरतात म्हणा ना!

यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. २००४ साली त्यांनी अशाच एका गुच्छात सेकंदाला सुमारे २०० गिरक्या घेणारा मृत तारा शोधला. त्यालाही जोडीदार आहेच. २०१५ साली सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची बहुतेक क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली.

याने भाताचा उतारा वाढणार नाही, हे खरे. पण घरातले पोर ‘तो ठिपका कसला?’ म्हणून विचारील, तेव्हा सांगायला आता काहीतरी आहे. तेवढ्यापुरता अंगणातला दिवा मालवा. ढग आले की मग चार महिने दक्षिण दिसायची नाही.