नातवंडांचा परवाना

मंडळी, अमेरिकेतली लेक दिवाळीला येणार म्हटले, की घरात लगबग सुरू होते. अनारशाचे तांदूळ भिजत पडतात, पाहुण्यांची खोली झाडून निघते. पण एका कामाचा विसर पडतो, आणि ते राहिले तर सगळाच विरस होतो.

लेकीजवळ भारताचा पासपोर्ट असतो. तिकडे जन्मलेल्या नातवाजवळ असतो अमेरिकेचा. आपल्याला तो घरचा, कायद्याच्या लेखी मात्र परदेशी पाहुणा. पाळण्यातले बाळ असले, तरी आजोळी यायला त्याला भारत सरकारची परवानगी लागतेच. ती नसली, तर विमान कंपनी तिथेच अडवते.

नोव्हेंबर २०१४ पासून ही परवानगी घरबसल्या मिळू लागली आहे. तिला ई-व्हिसा म्हणतात. संगणकावर अर्ज भरायचा, पासपोर्टचे पान आणि फोटो जोडायचा, फी भरायची. मंजुरीचा कागद ई-मेलने येतो. तो छापून जवळ ठेवायचा आणि मुंबईला उतरल्यावर दाखवायचा. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा.

अर्ज प्रवासाच्या निदान ४ दिवस आधी हवा. पण तहान लागल्यावर विहीर खणू नये. पासपोर्टची मुदत येण्याच्या दिवसापासून निदान ६ महिने उरलेली असावी. लहान मुलांचा अमेरिकी पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, म्हणून तारीख आधी पाहावी.

नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे. सातबाऱ्यावर नावातले एक अक्षर चुकले, तर किती हेलपाटे पडतात हे आपण जाणतोच. इथेही तीच गत. भरलेली फी परत मिळत नाही.

आणखी एक. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खोटी दुकाने पुष्कळ आहेत. खरा पत्ता ‘इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन’. ‘तातडीचे जादा पैसे द्या’ असे कोणी म्हटले, तर तिथूनच मागे फिरावे.

नातवंडे वरचेवर येणार असतील, तर ओसीआय कार्ड काढणे बरे. मग दर खेपेला व्हिसा लागत नाही. मात्र ते हाती यायला वेळ लागतो. त्याची तयारी आधीच्या हंगामातच करावी.

तेव्हा आजीबाईंनो, पुढच्या फोनवर ‘तिकीट काढले का?’ एवढेच विचारू नका. ‘बाळाचा व्हिसा झाला का?’ हेही विचारा. मग खुशाल तांदूळ भिजत घाला.