खाला, तलावात कुठं असतो फिल्टर?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने दोन फुटी काचेची टाकी आणली. तळाला वाळू, मागे वॅलिस्नेरियाची लांब पाती आणि सहा गप्पी मासे. दुकानदाराने ताशी 880 लिटरचा फिल्टर गळ्यात मारला. दोन दिवसांत झाडं मुळासकट वर आली, मासे दगडाआड दडले. चिडून त्याने फिल्टरच बंद केला. म्हणाला, "खाला, आपल्या जगत्तुंग तलावात कुठं असतो फिल्टर?"

वर्गात असता तर शाबासकी दिली असती. तलावातही गाळणी असते, फक्त दिसत नाही. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया होतो, तो माशांना विषारी. चिखलातले जिवाणू त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट करतात आणि ते झाडं खतासारखं घेतात. शिवाय तिथे एका माशामागे पाणी किती! टाकीत हेच जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. म्हणून स्पंज नळाखाली घासू नका, क्लोरीनने ते मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा.

आता हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 56 लिटर मावतात. वाळू-दगड वजा जाता 45 धरा. झाडांच्या टाकीत ताशी चार ते सहा पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे 180 ते 270 लिटर. पण खोक्यावरचा आकडा स्पंज नसलेल्या पंपाचा असतो. आम्ही 400 लिटरचा छोटा फिल्टर आणला, बादलीत लावून तोंडाशी मापटं धरलं. एक लिटर भरायला 18 सेकंद, म्हणजे ताशी 200. जमलं!

धार टाकीच्या लांबीच्या दिशेने, काचेलगत सोडा. पलीकडच्या कोपऱ्यातली पातीही जराशी डोलली पाहिजेत. वर बारीक तरंग हवेत. फार खळखळ झाली तर झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. अगदी स्थिर पाणीही नको, कारण रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात आणि आपल्याकडच्या मे महिन्यात कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो.

राहिली वीज. ती गेली की पाणी थांबतं आणि जिवाणूही गुदमरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात ठेवाच.

महिन्याभरात वॅलिस्नेरियाला नवी रोपं फुटली. 880चा पंप माझ्या आपाने कूलरला लावलाय.